ठिणगी: पॉइंटपासून चिपपर्यंत

सध्या पोस्टिंग चंदीगडला. शेजारी मोहालीत सेक्टर 81 मध्ये आयसरसारख्या संस्थांची नॉलेज सिटी आहे. त्याच मोहालीत सेक्टर 72 मध्ये सेमीकंडक्टर लॅबोरेटरी आहे. गाडीच्या इग्निशनचा इतिहास आज अशाच ठिकाणी येऊन पोहोचला आहे.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याची रुळलेली पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची, 1910 च्या सुमाराची. बॅटरीचा प्रवाह कॉइलमध्ये सोडायचा आणि ऐन वेळी तोडायचा. तो तुटला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. प्रवाह तोडायचं काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करत.

जुन्या मंडळींना जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतली सहा सिलिंडरची जोंगा आठवत असेल. 3000 आरपीएमला अशा इंजिनाचे पॉइंट सेकंदाला 150 वेळा उघडतात. ते जळायचे, झिजायचे, टाइमिंग हुकायचं. पण इलाजही हाताशी होता: पॉलिश पेपर, फीलर गेज आणि पाच-दहा मिनिटं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनने पॉइंट काढून ट्रान्झिस्टर बसवला. फिरत्या शाफ्टची स्थिती सेन्सर सांगतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासायला, झिजायला काही उरत नाही. क्रायस्लरने 1973 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना ते दिलं. प्रदूषणाचे कायदे कडक होत होते आणि ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर पडतं. आपल्याकडे 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. असं पेट्रोल त्यात जाऊन पेटलं की कन्व्हर्टरच वितळतो. 2000 मध्ये जिप्सी किंगलाही एमपीएफआय आलं. अशा इंजिनात ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो.

गाडी सुधारली यात वाद नाही. मात्र चिप गेली की पॉलिश पेपर कामाचा नाही, नवा पार्टच हवा. चिपअभावी सप्टेंबर 2021 चं उत्पादन नेहमीच्या सुमारे 40 टक्क्यांवर येईल, असं मारुतीला जाहीर करावं लागलं होतं.

मोहालीत 1984 मध्ये चिप बनू लागल्या. 1989 च्या आगीत कारखाना खाक झाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत जग पुढे गेलं होतं. आज तिथे 180 नॅनोमीटरपर्यंतचं काम होतं. मोबाइलसाठी हे तंत्र जुनं असलं तरी गाडीतल्या बऱ्याच चिपना याहून बारीक तंत्र लागत नाही. म्हणूनच असे कारखाने देशात असणं ही मला दारूगोळ्याइतकीच लष्करी गरज वाटते.

जय हिंद.