वेशीवरचा दुभाषी

मुंबईच्या कोटाची तटबंदी 1860 नंतरच्या दशकात जमीनदोस्त झाली आणि चर्चगेट, बाजारगेट ही नावे तेवढी दरवाज्यांवाचून मागे उरली. परंतु ज्या व्यापाराला ती तटबंदी अडचणीची वाटत होती, त्याच व्यापाराच्या पेढ्यांना पुढे एक निराळीच, डोळ्यांना न दिसणारी वेस प्राप्त झाली. 1881 साली ओरिएंटल टेलिफोन कंपनीला सरकारी सनद मिळून 1882 मध्ये मुंबईत टेलिफोनचे केंद्र सुरू झाले, आणि कालांतराने पेढ्या-कचेऱ्या मोठ्या होत गेल्या तसतसा बाहेरच्या मोजक्या तारा आणि आतली अनेक मेजे यांच्यामध्ये बसणारा बोर्ड हा प्रत्येक मोठ्या दप्तराचा अविभाज्य भाग होऊन बसला.

या बोर्डापाशी बसणाऱ्या ऑपरेटरचे काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ते विसरता यायचे नाही. बाहेरून घंटी आली की छोटीशी झडप खाली पडे, दोरीच्या टोकाची पितळी खुंटी भोकात बसे, आणि मग कोणाला साहेबांपर्यंत सोडावे, कोणाला नम्रपणे थोपवावे, कोणाचा ट्रंक कॉल आधी लावून द्यावा याचा निवाडा क्षणार्धात होई. तारा जोडणे हा त्या कामाचा लहानसा अंश होता. दोन्ही बाजूंची भाषा, रिवाज आणि निकड ओळखून मध्ये उभे राहणे, हे त्याचे मर्म होते. कॅन्सस सिटीतील आल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने ऑपरेटरच्या मध्यस्थीला कंटाळून स्वयंचलित केंद्राची युक्ती काढली, असे सांगतात. तिचे पेटंट त्याला 1891 मध्ये मिळाले व पुढच्याच वर्षी इंडियाना प्रांतातील ला पोर्ट येथे तसे केंद्र उभेही राहिले. तरीही कचेरीतला बोर्ड पुढे कित्येक दशके टिकला, कारण वेस कायम होती.

1995 साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून इंटरनेटमार्गे बोलण्याची सोय बाजारात आणली, 1996 मध्ये असे संभाषण जुळवण्याचा एच.323 हा आंतरराष्ट्रीय संकेत आला, आणि मार्च 1999 मध्ये त्याहून सुटसुटीत असा सिप संकेत प्रसिद्ध झाला. तेव्हा कचेऱ्यांना गेटवे नावाचे यंत्र घ्यावे लागले. त्याच्या एका अंगाला जुन्या पद्धतीच्या तारा, किंवा एकाच वेळी 30 संभाषणे वाहून नेणारी ई-1 वाहिनी, आणि दुसऱ्या अंगाला इंटरनेट. माणसाचा आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजून, त्याचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून, सेकंदाला 50 पुडक्यांच्या हिशेबाने ते रवाना करायचे आणि पलीकडून आलेली पुडकी पुन्हा सांधून कानाला अखंड आवाज ऐकवायचा, हे दुभाष्याचे काम हे यंत्र आजही मुकाट्याने करीत आहे.

परंतु दुभाषी मिळाल्याने वेशीचा प्रश्न सुटला नाही. इंटरनेटवरच्या पत्त्यांचा तुटवडा भासू लागल्यामुळे एका सार्वजनिक पत्त्याआड शेकडो खाजगी पत्ते ठेवण्याची तजवीज 1994 च्या सुमारास पुढे आली होती, आणि सिपच्या निरोपात तर बोलणारा आपला पत्ता आतल्या मजकुरात लिहून पाठवतो. पाकिटावर वाड्याचा पत्ता बरोबर असावा, पण आतल्या चिठ्ठीत मात्र "उत्तर माजघरापलीकडच्या खोलीत पाठवा" एवढेच लिहावे, तसे ते होई. परगावच्या माणसाने ती खोली शोधावी कुठे? घंटी वाजे, पलीकडे फोन उचलला जाई, आणि एकालाच दुसऱ्याचे ऐकू येई. हा एकतर्फी आवाज पुढे कित्येक वर्षे तंत्रज्ञांना छळत राहिला.

अशा वेळी, नव्या शतकाच्या आरंभी, सेशन बॉर्डर कंट्रोलर नावाचे यंत्र अवतरले. मॅसॅच्युसेट्समध्ये 2000 साली स्थापन झालेली ॲक्मे पॅकेट ही ते बनवणाऱ्यांतली सर्वांत नावारूपाला आलेली कंपनी. 2013 मध्ये ती ओरॅकलने विकत घेतली. हे यंत्र एका संभाषणाचे दोन तुकडे करते: बाहेरच्याला वाटते की हाच उत्तर देणारा, आणि आतल्याला वाटते की हाच बोलावणारा. मग ते चिठ्ठीतला पत्ता दुरुस्त करते, घरची रचना झाकून ठेवते, आवाज आपल्यातून वाहू देते, आणि मध्यरात्री सिपच्या 5060 क्रमांकाच्या दारावर थापा मारून परदेशी महागड्या क्रमांकांवर दुसऱ्याच्या खर्चाने बोलू पाहणाऱ्या चोरांना बाहेरच थोपवते. इंटरनेटची बुद्धी दोन टोकांना असावी, मध्ये नसावी, या तत्त्वाच्या निष्ठावंतांना हा मध्यस्थ रुचला नाही. त्यांची निष्ठा मला आदरणीय वाटते, परंतु रोजचा व्यवहार चालवणाऱ्या पेढीला दारावर पहारेकरी नको, असे म्हणणे मला कधीच पटले नाही. अखेर एप्रिल 2010 मध्ये खुद्द इंटरनेटच्या संकेतकारांनीच आरएफसी 5853 या दस्तऐवजात या यंत्राची कामे आणि त्यांचे दोष दोन्ही नोंदवून ठेवले.

आपल्याकडे या वेशीवर आणखी एक चौकी होती, ती सरकारची. 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेटवरून बोलण्याची मुभा मिळाली, पण मर्यादित. देशांतर्गत सार्वजनिक टेलिफोनच्या जाळ्यात तो आवाज मिसळण्यास मनाई होती, कारण लांब पल्ल्याच्या संभाषणावरचा महसूल बुडेल ही धास्ती. जुन्या जकातनाक्याचीच ही जात. खाजगी जाळ्यातला आवाज आणि सार्वजनिक तारेवरचा आवाज अलग ठेवण्याची शिस्त पुण्यामुंबईच्या कॉल सेंटरांना वर्षानुवर्षे सांभाळावी लागली. 2018 मध्ये परवानाधारक कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि नोव्हेंबर 2020 च्या नियमांनी कॉल सेंटरांवरचा जाच बराचसा उतरवला.

या यंत्रांचा इतिहास दस्तऐवजांतून तरी वाचता येतो. त्यांच्या आधी तीच कामे हाताने व कानाने करणाऱ्या ऑपरेटरांचा मात्र फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या कचेरीच्या अडगळीत दोऱ्या-खुंट्यांचा जुना बोर्ड किंवा ट्रंक कॉलची नोंदवही पडली असेल, तर ती भंगारात जाऊ देऊ नये. आणि त्या बोर्डापाशी आयुष्य घालवलेल्या कोणी काकू किंवा मावशी आपल्या ओळखीत असतील, तर त्यांच्यापाशी बसून त्या काय सांगतात ते लिहून घ्यावे.