अश्वशाला, छावणी आणि वाट

गेल्या चातुर्मासांत औरंगपुऱ्यांतील आमचे एक तरुण स्नेही आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आले. जेमी जॅक्सन या अमेरिकन गृहस्थांचें 'पॅडॉक पॅराडाइज' हें २००६ सालचें पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें होतें. जॅक्सन हे मूळचे नालबंद. परंतु तिकडील रानांत मोकाट फिरणाऱ्या घोड्यांचे खूर पाहून त्यांनीं नाल ठोकण्याचेंच सोडून दिलें. त्यांचें सांगणें असें : घोड्यास तबेल्यांत कोंडूं नये, आणि हिरव्यागार कुरणांतही सोडूं नये. कुरणाच्या कडेनें दुहेरी कुंपण घालून मध्यें अरुंद वाट फिरवावी. पाणी एका अंगास, वाळलें गवत दुसऱ्या अंगास, मीठ तिसरीकडे ठेवावें. वाटेंत कोठें खडी पसरावी. म्हणजे घोडीं कळपानें आपण होऊन दिवसभर चालतीं राहतात व खूर झिजून कणखर होतो. ओलें गवत अति खाल्ल्यानें खुराच्या आंतील थरांस दाह होऊन जीं जनावरें लंगडूं लागतात, त्यांस पुन्हा पायावर आणण्यास हा बंदोबस्त तिकडे योजितात. आमच्या स्नेह्यांची खात्री कीं हें सर्व कौटिल्यानें पूर्वींच सांगून ठेविलें आहे. आम्हीं फक्त स्थल दाखवावें.

आम्हीं स्थल दाखविलें, आणि तेथेंच चुकलों. ती चूक दुरुस्त करण्यासाठीं हा लेख.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाचा. त्यांत युद्ध, व्याधि, जरा व श्रम यांनीं क्षीण झालेल्या घोड्यांस 'पिण्डगोचरिक' म्हटलें आहे. 'गोचर' म्हणजे चरावयाचें रान हा अर्थ आम्हांस एकदम आठवला, आणि थकलेल्या घोड्यांस कुरणांत मोकळें सोडीत असें आम्ही सांगून बसलों. स्नेह्यांनीं तें एका व्याख्यानांत सांगितलेंही. मागाहून पदाचा विग्रह शांतपणें केला, तेव्हां ध्यानांत आलें कीं 'पिण्ड' म्हणजे अन्न, आणि अन्न एवढाच ज्यांचा 'गोचर', म्हणजे विषय, उरला तीं हीं जनावरें. कामावांचून पोसावयाचीं, इतकाच अर्थ. श्यामशास्त्र्यांच्या १९१५ च्या इंग्रजी भाषांतरांत व कंगल्यांच्या १९६३ च्या भाषांतरांतही अन्नाचाच अर्थ घेतला आहे, कुरणाचा नाहीं. चाळीस वर्षें मुलांस समास शिकवून आम्हीं असें घसरावें हें शोभलें नाहीं. तथापि कुरण गेलें तरी जें उरतें तें लहान नव्हे. निकामी घोड्याच्या पोटाची सोय राजानें करावी. युद्धास निरुपयोगी झालेले वळू पौरजानपदांच्या घोड्यांकडे लावावे. आणि औषधोपचारांत हयगय होऊन रोग बळावल्यास दुप्पट दंड घ्यावा, हें त्या अध्यायांत स्पष्ट आहे.

मग घोड्याचें राहणें कसें? तें पूर्णपणें शालेंतलें. शालेची लांबी घोड्यांच्या संख्येप्रमाणें, रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट, चार दारें, आणि मध्यभागीं लोळण्यास मोकळी जागा. प्रत्येकाचें ठाण चौरस, पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड, खालीं गुळगुळीत फळ्या. वानर, मोर, मुंगूस, पोपट यांचाही तेथें वास असावा असें म्हटलें आहे. मोकळीक म्हणावी अशी ती लोळण्याची जागा तेवढी. बाकी चालणें हें माणसानें घडवावयाचें, आणि पाठीवर स्वार वाहणाऱ्या घोड्यांची मजल त्यांच्या प्रतीप्रमाणें पांच, साडेसात व दहा योजनें अशी ठरविलेली आहे.

खडीचें मूळ शोधावयाचें तर तें ग्रीकांकडे सांपडतें. झेनोफन याच्या अश्वारोहणावरील निबंधांत तबेल्याबाहेर मुठीएवढे गोल दगड गाड्यांनीं आणून पसरावे व खरारा करतांना घोड्यास त्यांवर उभें करावें, म्हणजे खूर घट्ट होतो, असें सांगितलें आहे. एक गुळगुळीत फळ्या घालितो, दुसरा धोंडे पसरतो. पण खिळ्यांनीं ठोकलेला नाल दोघांच्याही गांवीं नाहीं. कौटिल्याच्या सेवकांच्या यादींत लगाम धरणारा, घोडा बांधणारा, गवतवाला, दाणा शिजविणारा, ठाणाचा राखणदार, केंस कापणारा, विषवैद्य हे सर्व आहेत, नालबंद नाहीं. उलट सभासदाच्या बखरींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असा नियमच आहे. पुढें तर शिलेदारास मोहिमेपूर्वीं जी आगाऊ रक्कम देत तिचेंच नांव 'नालबंदी' पडलें, इतका हा कारागीर आमच्या फौजेच्या व्यवहारांत शिरला.

आमच्या मतें जॅक्सन यांच्या वाटेशीं ताडून पाहावयाचें तें मराठी फौजेचें वर्ष. सभासद सांगतो कीं पावसाळा लागतांच लष्करानें आपल्या मुलुखांत छावणीस यावें. दाणा, रतीब, औषधें व गवतानें शाकारलेल्या पागा तयार असाव्या. दसरा होतांच कूच करावें आणि आठ महिने परमुलुखांत असावें. म्हणजे चार महिने दावण, अगाडी-पिछाडी आणि तोबरा. आठ महिने पायांखालीं वाट. घोडा चालत असे, परंतु आपल्या मर्जीनें नव्हे, आणि पाठीवर ओझें घेऊन. वाट दोन्हींकडे आहे; हेतु निराळा.

या चार महिन्यांचें भय काय होतें तें १६७३ सालच्या, चिपळूणकडील छावणीसंबंधीं शिवछत्रपतींनीं आपल्या अंमलदारांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावरून कळतें. पत्राचा आशय आपल्या वाचकांस ठाऊक आहे; पण तें बहुधा रयतेच्या कळवळ्यासाठीं वाचिलें जातें, आम्ही तें घोड्यासाठीं पुन्हा वाचावें असें सुचवितों. पावसाळ्याची बेगमी आतांच उधळाल तर पुढें दाणा-वैरण मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, हें त्यांत आहे. विस्तव व दिवे यांची ताकीद आहे; जळती वात उंदीर गवतांत नेईल, हेंही महाराजांस सुचलें आहे. गवताच्या एका गंजीवर सारी पागा टांगलेली आहे, ही जाण असल्यावांचून असें लिहिवत नाहीं. बांधलेल्या घोड्याचें जीवित हें अशा रीतीनें कोठीवाल्याच्या हातीं असतें.

आमचें शहर १६१० मध्यें मलिक अंबरानें वसविलें तें मूळच्या खडकी गांवीं. अंबराच्या फौजेंत मराठे बारगीर पुष्कळ. खडकाळ भूमीनें त्यांच्या तट्टांचे खूर कणखर केले असतील असें म्हणण्याचा मोह होतो. पण एकदां 'गोचरा'नें पोळल्यावर आम्ही हें तर्क म्हणूनच ठेवितों.

जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हीं कलकत्त्यास १८८७ मध्यें छापलीं गेलीं. नकुलाच्या अश्वशास्त्राची सचित्र आवृत्ति तंजावरच्या सरस्वती महालानें १९५२ मध्यें काढली. त्यामुळें ग्रंथकारांचें म्हणणें आपल्या हातीं आहे. उणीव आहे ती पागेंतल्या माणसाच्या लिहिण्याची. ज्यांच्या संग्रहीं घोड्यांच्या याद्या, दाण्याचे रतीब, नालबंदाचे हिशेब किंवा मराठी शालिहोत्राचीं फुटकळ बाडें असतील, त्यांनीं तीं 'औषधी चिटोरीं' म्हणून बाजूस न टाकतां तीन गोष्टी पाहून कळवाव्या : लंगड्या घोड्यास ठाणावर बांधीत कीं फिरवीत, पावसाळ्यांत नाल काढीत कीं ठेवीत, आणि ओल्या गवताचें प्रमाण कोठें घातलेलें आहे काय. स्नेह्यांनीं आपलें व्याख्यान दुरुस्त करून पुन्हा देण्याचें कबूल केलें आहे. तत्पूर्वीं एखादें पान हातीं आलें तर बरें.