हातातील मुंग्या आणि रुग्णाची साक्ष : एका निदानपद्धतीचा इतिहास (१८८०–१९९०)

ताप मोजता येतो, सूज दिसते. हाताला येणाऱ्या मुंग्या व बधिरता मात्र रुग्णाने सांगितल्याखेरीज कळत नाहीत. म्हणूनच या तक्रारीच्या तपासणीचा इतिहास हा रुग्णाच्या शब्दाला वैद्यकाने किती वजन दिले, याचाही इतिहास आहे.

१८८० मध्ये बोस्टन येथील जेम्स पटनम यांनी ३७ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. रात्री हात बधिर होऊन त्रास होतो आणि हात बिछान्याबाहेर लोंबता सोडला किंवा झटकला की बधिरता जाते, असा काहींचा अनुभव होता. पटनम यांनी तो काळजीपूर्वक टिपला. कारण मात्र रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणात शोधले. १९१३ मध्ये पियेर मारी व शार्ल फ्वा यांनी ८० वर्षांच्या एका व्यक्तीच्या शवविच्छेदनात मनगटाच्या अस्थिबंधाखाली मीडियन मज्जातंतू दबलेला दाखविला आणि तो बंध छेदण्याचा उपायही सुचविला. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४७ मध्ये ब्रेन, राइट व विल्किन्सन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत दिल्यावर ‘कार्पल टनेल’ विकाराचे चित्र स्पष्ट होत गेले.

तपासणीच्या खुणा निराळ्याच वाटेने आल्या. ज्यूल तिनेल यांनी १९१५ मध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मज्जातंतूंवर टिचकी मारून पाहिली. त्या वेळी उठणाऱ्या मुंग्या त्यांच्या मते मज्जातंतू पुन्हा वाढत असल्याची खूण होती. (त्यांच्या फ्रेंच संज्ञेतही मुंगीच दडलेली आहे.) पुढे हीच टिचकी मनगटावर, मज्जातंतू दबल्याची खूण म्हणून वापरली जाऊ लागली, म्हणजे कृती तीच राहिली, अर्थ पालटला. जॉर्ज फालेन यांनी १९६६ मध्ये ६५४ हातांचा अनुभव मांडला. मनगट सुमारे मिनिटभर वाकवून मुंग्या येतात का हे पाहण्याची त्यांची चाचणी दवाखान्यात सोयीची ठरली. तथापि या दोन्ही चाचण्यांत होकार नसला म्हणजे विकार नाही, असे म्हणता येत नाही. शिवाय दोहोंचे उत्तर अखेर रुग्णालाच द्यावे लागते.

रात्री हात झटकण्याच्या कृतीला निदानचिन्हाचा दर्जा प्राइस-फिलिप्स यांनी १९८४ मध्ये दिला. पटनम यांच्या नोंदींनंतर १०४ वर्षे लोटली होती. या चिन्हाच्या विश्वासार्हतेविषयी नंतर मतभेद झाले, परंतु रुग्णाचे सांगणे तपासून पाहण्याजोगे मानले गेले, हे महत्त्वाचे. १९९० मध्ये कॅट्झ व स्टिरट यांनी तर हाताचे रेखाचित्रच रुग्णापुढे ठेवले. कोणत्या बोटात मुंग्या आणि कोठे बधिरता, हे त्यावर रुग्णाने स्वतः दाखवावयाचे होते.