सातबारा, शिकस्ता आणि संगणक

‘शिरूर अनंतपाळ’ हे नाव उर्दूत लिहून पाहा. उर्दूला ‘ळ’ नाही, म्हणून कागदावर ‘अनंतपाल’ उतरतं. पुन्हा मराठीत आणणाऱ्याला गाव माहीत असेल तर ‘ळ’ परत येतो, नाहीतर नाही. गावाच्या नावाचं हे होतं, तर शेतकऱ्याच्या नावाचं काय होत असेल?

निजामाच्या राज्यात आपला निलंगा भाग बिदर जिल्ह्यात होता. गावचा पटवारी मोडीत लिहायचा, वरच्या कचेऱ्यांचं दप्तर उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं. १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी पत्रक तयार झालं. आजही जमिनीच्या वादात आधी तेच मागतात. १ नोव्हेंबर १९५६ ला निलंगा, उदगीर आणि अहमदपूर बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पुढे शिरूर अनंतपाळ वेगळा तालुका. दरवेळी दप्तर हललं, नकला झाल्या. लिपी बदलली, रकाने बदलले, एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर झाले. कागद मात्र तक्रार करत नाही. बेरीज चुकली तरी तो निमूट पडून राहतो.

संगणक तसा नाही. मोठ्या कंपन्यांत सॅपसारखं सॉफ्टवेअर असतं. त्यातल्या तक्त्याची रचना बदलली की तो नव्याने सक्रिय करावा लागतो. आतली जुनी माहिती नव्या रकान्यांत बसत नसेल तर तक्ता सक्रिय होत नाही. तेव्हा चालवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: माहिती राखून तक्ता जुळवून घ्यायचा, किंवा माहिती पुसून टाकायची. दुसरी वाट झटपट आहे, आणि माझ्या मते सगळा धोका तिच्यातच आहे.

सातबारा ई-फेरफार प्रणालीत आला तेव्हा हेच घडलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, पण ज्याचा मेळ बसत नाही त्यावर ती सही होत नाही. मेळ का बसत नाही ते पाहा. ५ एकर १३ गुंठे जमीन म्हणजे २१३ गुंठे, म्हणजेच २ हेक्टर १५ आर. ती चार भावांत वाटली तर प्रत्येकाला सव्वात्रेपन्न गुंठे, म्हणजे जवळजवळ ५४ आर. चार चोपन्न दोनशे सोळा! एक आर जादा झाला. चोरी कुणाचीच नाही, पण सॉफ्टवेअर अडतं. एका भावाचं क्षेत्र ५३ करून मोकळं होणं अगदी सोपं आहे. पण कुठल्या भावाचं?

नावांचं दुखणं याहून जुनं. हसन आणि हुसेन यांच्यात उर्दू लिपीत एका ‘ये’चा फरक. शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या हातात, त्या ‘ये’चा दातही जातो आणि नुक्तेही. बापाच्या जागी काका वाचला जातो. शिवाय आपल्याकडे ‘शेख’ आधी, नाव नंतर. आडनाव शेवटी मागणाऱ्या रकान्यात इस्माईलच आडनाव होऊन बसतो. शेख इस्माईल, इस्माईलसाब आणि इस्माईल शेख हे एकाच माणसाचे तीन खातेदार होतात. वारस नोंदीच्या वेळी मुलांना सांगावं लागतं की तिघेही आमचे वडीलच.

दुरुस्तीची सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातली चूक तहसीलदारांच्या आदेशाने सुधारता येते. हक्काचा वाद मात्र त्यात मिटत नाही. म्हणून आधी ठरवावं लागतं की चूक लिहिण्याची आहे की हक्काची, आणि ते आजच्या सातबाऱ्यावरून कळत नाही. आधी फेरफार, मग खासरा पत्रक, मग हाती लागलं तर निजामी दप्तर, असं एकेक पायरी मागे जावं लागतं. आकडा किंवा नाव जिथे पहिल्यांदा बदललं, तिथे चूक.

माझ्याकडे लोक असे उर्दू कागद वाचायला आणतात. पूर्वी प्रत्येक मोठ्या गावात वाचणारे दोन-चार तरी असत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची अचानक गरज पडली. त्या नोंदी मराठा कुटुंबांच्या होत्या आणि त्या वाचायला माझी उर्दू लागत होती, हे मला फार आवडलं.

जुना कागद घरात असेल तर त्यावरचा सन आधी पाहा. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. कागद घडीवर फाटत आला असेल तर लॅमिनेट करू नका, फोटो काढून सपाट ठेवा.