ध्वनिमुद्रण, चर्चमधील लघुगायकवृंदाचे

चार ते बारा गायकांच्या गटाचे गायन चर्चच्या वास्तूतच, तिच्या गुंजेसह मुद्रित करण्याची पद्धती. सोप्रानो, आल्टो, टेनर व बास हे चार आवाज प्रत्येकी एक ते तीन गायकांनी गायचे, अशी या गटाची नेहमीची घडण असते. स्टुडिओत प्रत्येक आवाज वेगळा टिपून नंतर जुळवता येतो. चर्चमध्ये गायक एकमेकांना ऐकत आवाज जुळवतात आणि छत, भिंती व फरशी त्यांचा एक नाद करतात. तो नाद जुळलेल्या रूपातच टिपायचा असल्याने मायक्रोफोन कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा तो कोठे उभा आहे, हा निर्णय मोठा ठरतो.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील ईएमआय कंपनीचे अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. एकाच बिंदूवर ९० अंशांत ठेवलेल्या दोन आठाकृती (पुढून व मागून सारखेच ऐकणाऱ्या) मायक्रोफोनांची जोडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे डॅनिश रेडिओचे होल्गर लाउरिडसेन यांनी मध्य-पार्श्व (मिड-साइड) पद्धत पुढे आणली, तर १९६० च्या सुमारास फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीत ओआरटीएफ मांडणी रूढ झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमधील नाताळची उपासना बीबीसीने १९२८ मध्ये प्रथम प्रक्षेपित केली. त्या परंपरेमुळे वास्तूच्या गुंजेसह गायन ऐकण्याची सवय श्रोत्यांना लागली. हिलिअर्ड एन्सेम्बलचे चार गायक व सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी १९९३ मध्ये ऑस्ट्रियातील सेंट गेरोल्ड मठात मुद्रित केलेला ‘ओफिचियुम’ हा संग्रह मोजके आवाज व दीर्घ गुंज यांच्या मेळाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

वास्तूचे ध्वनिगुण : आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबेलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे अनुरणनकाल. गायकांकडून मायक्रोफोनकडे थेट येणारा ध्वनी व वास्तूतून परतून येणारा ध्वनी ज्या अंतरावर समसमान होतात, त्यास क्रांतिक अंतर म्हणतात. घनमीटरमधील आकारमानास सेकंदांतील अनुरणनकालाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाला ०.०५७ ने गुणले की ते अंतर मीटरमध्ये मिळते. २० मीटर लांब, १० मीटर रुंद व ९ मीटर उंच चर्चचे आकारमान १,८०० घनमीटर होते. अनुरणनकाल २ सेकंद असल्यास क्रांतिक अंतर सुमारे १.७ मीटर येते. सर्वदिशीय मायक्रोफोनला हे अंतर लागू पडते. कार्डिऑइड मायक्रोफोन मागून येणारी गुंज कमी घेतो, म्हणून तितकाच समतोल त्याला सुमारे १.७ पट अंतरावर, म्हणजे २.९ मीटरवर मिळतो. गायकाचा आवाज मुख्यतः समोर जात असल्याने प्रत्यक्षात थोडी अधिक सवलत मिळते. हे गणित सुरुवातीची जागा सुचवते. अखेरची जागा कानांनीच ठरवावी लागते. रिकाम्या चर्चमध्ये गुंज अधिक असते, भरलेल्या चर्चमध्ये माणसे व कपडे ती शोषून घेतात. त्यामुळे रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी उपासनेच्या वेळी जशीच्या तशी लागू पडत नाही.

मायक्रोफोनची निवड : अशा कामासाठी लहान पडद्याचे कंडेन्सर मायक्रोफोन सर्वाधिक वापरले जातात. बाजूने येणाऱ्या आवाजाचा पोत ते फारसा बिघडू देत नाहीत आणि अर्धवर्तुळाच्या टोकावरचे गायक बाजूनेच ऐकू येत असतात. नॉयमन केएम १८४ व रोड एनटी५ ही या प्रकारातील परिचित मॉडेले होत. दोन्ही मायक्रोफोन एकाच मॉडेलचे, शक्यतो जुळवलेल्या जोडीतील असावेत. त्यांना मिक्सर किंवा रेकॉर्डरमधून ४८ व्होल्टचा फँटम विद्युतपुरवठा लागतो. स्वतःचा सूक्ष्म खरखराट १६ डेसिबेल (ए) किंवा त्याहून कमी असलेला मायक्रोफोन घेतल्यास हळुवार गायनही स्वच्छ येते.

प्रवचनासाठी वापरले जाणारे शुअर एसएम५८ सारखे डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळच्या आवाजासाठी घडवलेले असतात. दोन मीटरवरून त्यांची पातळी फार वाढवावी लागते व खरखर वर येते. सर्वदिशीय कंडेन्सर मायक्रोफोन खर्जाचे स्वर सर्वांत नैसर्गिक टिपतात, पण ते गुंजही सर्व बाजूंनी घेतात. वास्तू सुरेल असेल तेथेच ते शोभतात. रिबन मायक्रोफोन ‘स’ व ‘श’ यांची धार सौम्य करतात, मात्र त्यांची मागची बाजूही पुढच्याइतकीच ऐकते.

जोडीच्या मांडण्या : ओआरटीएफमध्ये दोन कार्डिऑइड मायक्रोफोन परस्परांपासून १७ सेंटिमीटर अंतरावर व ११० अंशांच्या कोनात असतात. ही मांडणी समोरचे सुमारे ९५ अंशांचे क्षेत्र दोन स्पीकरांमध्ये पूर्ण पसरवते. चार मीटर रुंदीच्या रांगेसमोर दोन मीटरवर जोडी उभी केली, तर रांग ९० अंशांत बसते. म्हणूनच लघुगायकवृंदासाठी सुरुवात या मांडणीपासून करणे श्रेयस्कर होय.

एक्स-वाय मांडणीत दोन कार्डिऑइड एकाच बिंदूवर ९० अंशांत असतात. तिचे क्षेत्र १८० अंशांहूनही मोठे असल्याने लहान गट मधोमध गोळा झाल्यासारखा ऐकू येतो. मध्य-पार्श्व मांडणीत समोर रोखलेला एक व आडवा आठाकृती एक असे दोन मायक्रोफोन असतात. पसारा नंतर कमी-जास्त करता येतो आणि मोबाइलच्या एकाच स्पीकरवरही आवाज बिघडत नाही. ४० ते ६० सेंटिमीटर अंतरावरील दोन सर्वदिशीय मायक्रोफोन प्रशस्त नाद देतात, पण प्रत्येक गायकाचे स्थान धूसर होते.

अंतर व उंची : जोडीची उंची साधारणतः अडीच ते तीन मीटर ठेवून तिला किंचित खाली रोखतात. त्यामुळे पुढच्या व मागच्या रांगेतील अंतराचा फरक घटतो आणि मागचे आवाज पुढच्यांच्या डोक्यांवरून मोकळे येतात. सुरुवात दीड ते दोन मीटरवर करावी. प्रत्येक चाचणीनंतर स्टँड २० ते ३० सेंटिमीटर हलवून हेडफोनवर ऐकावे. शब्द पुसट झाले तर जवळ जावे, एकेक गळा सुटा ऐकू येऊ लागला तर मागे सरावे. संभ्रम असल्यास जवळची जागा पत्करावी, कारण गुंज नंतर वाढवता येते; मुद्रणात उतरलेली गुंज पुरती काढून टाकता येत नाही.

गायकांची रचना : आवाजांचा समतोल आधी माणसे हलवून साधावा. अर्धवर्तुळात उभे राहिल्यास सर्वांचे जोडीपासूनचे अंतर सारखे राहते व गायक एकमेकांना पाहू शकतात. भारी आवाजाच्या गायकाने अर्धे पाऊल मागे सरणे हे पातळीची कळ फिरवण्यापेक्षा चांगले, कारण त्यात पोत बदलत नाही. वह्या छातीशी न धरता किंचित खाली धराव्यात. गट भिंतीला चिकटून किंवा थेट घुमटाखाली उभा करू नये.

पूरक मायक्रोफोन : एकल गायकासाठी वेगळा मायक्रोफोन लागल्यास तीनास एक हा नियम पाळतात : मायक्रोफोन तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर शेजारचा मायक्रोफोन त्यापासून किमान ९० सेंटिमीटर दूर हवा. अन्यथा एकच आवाज दोन वाटांनी थोड्या अंतराने पोचतो व काही कंप्रता परस्परांना खोडतात. वाटांतील फरक १ मीटर असेल, तर समान पातळीला पहिली खोड सुमारे १७० हर्ट्‌झवर, म्हणजे पुरुषांच्या आवाजाच्या गाभ्यातच पडते. पूरक आवाज जोडीच्या आवाजाखाली जेमतेम मिसळावा.

महाराष्ट्र व गोवा : नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीला भजन-अभंगांचे वळण दिले. मराठी उपासनेत पेटी, तबला व टाळ यांची साथ त्यामुळे सहज येते. टाळ जोडीच्या समोर वाजल्यास शब्द झाकतो. टाळकऱ्यास गायकांच्या मागे उभे करावे. पेटी बाजूला, भात्याची पाठ मायक्रोफोनकडे न येईल अशी ठेवावी. तबल्याखाली सतरंजी अंथरल्यास फरशीवरून परतणारा ठोका मवाळ होतो. गोव्यात चर्चगायनाला व्हायोलिनची साथ रूढ आहे. तेथे व्हायोलिनवादक गायकांच्या अर्धवर्तुळाच्या टोकाला घेतल्यास दोहोंचा नाद एकाच जोडीत मिळून येतो. दोन्हीकडे खरा अडसर छतावरचे पंखे, ट्यूबलाइटचे चोक व पावसाळ्यात कौलांवर-पत्र्यावर पडणारी सर यांचा असतो. पंखे प्रत्येक गीतापुरते बंद ठेवावेत आणि रहदारी ओसरल्यावर, शक्यतो रात्री मुद्रण करावे.

मुद्रण व जतन : २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ हे परिमाण पुरेसे आहे. सर्वांत उंच स्वर गाऊन घेऊन त्याचे शिखर कमाल पातळीच्या ६ ते १२ डेसिबेल खाली राहील अशी पातळी लावावी. गीत संपल्यावर गुंज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलू नये व मुद्रण चालू ठेवावे. रिकाम्या वास्तूची अर्ध्या मिनिटाची शांतताही टिपून घ्यावी. संपादनात जोड लपवण्यास ती उपयोगी पडते. अनेक मंडळ्यांच्या चाली स्वरलिपीत नोंदलेल्या नसून वृद्ध गायकांच्या गळ्यात आहेत. अशा मुद्रणाची मूळ, प्रक्रिया न केलेली डब्ल्यूएव्ही फाइल दोन ठिकाणी जपावी आणि तिच्यासोबत गीत, चाल, गायक, तारीख व मायक्रोफोनची जागा लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला ती चाल शिकता येईल आणि पुढचे मुद्रणही त्याच जागेवरून सुरू करता येईल.