रेशमी वस्त्रांचा वारसा आणि आपले कर्तव्य

जैन समाज आणि वस्त्रकला यांचे नाते प्राचीन आहे. त्यातील एक धागा महाराष्ट्रातून जातो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे शिष्य महाराजा कुमारपाळ पाटण येथे राज्य करीत होते. परंपरेने चालत आलेली कथा अशी, की जिनपूजेसाठी ते नित्य कोरे पटोळे परिधान करीत व ती वस्त्रे जालन्याहून येत. तेथील राजा ती आधी स्वतः वापरून मग पाठवितो, असे कळताच महाराजांनी साळवी विणकरांची ७०० कुटुंबे जालन्याहून पाटणला आणून वसविली.

पटोळ्याचा उभा ताणा व आडवा बाणा, दोन्ही विणण्यापूर्वीच बांधून रंगवितात. म्हणून त्यास उलटी-सुलटी बाजू नसते. एका साडीस चार-सहा महिने सहज लागतात. आज साळवींची मोजकीच घराणी ही कला जाणतात. त्यांपैकी एका घराण्याने २०१४ साली पाटण येथे पटोळ्याचे संग्रहालय उभारले. त्याआधी १९४९ साली अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने कॅलिको वस्त्रसंग्रहालय स्थापन केले.

रेशमासाठी कोशातील जीव उकळत्या पाण्यात जातो. त्यामुळे आज अनेक श्रावक पूजेत नवे रेशीम वापरीत नाहीत, आणि ते उचितच आहे. परंतु पूर्वजांनी श्रद्धेने अर्पण केलेले जुने वस्त्र नष्ट केल्याने गेलेला जीव परत येत नाही. उलट ते जपणे, हाच त्या जीवाचा आदर होय.

उजमण्याच्या निमित्ताने अर्पण झालेले जरीकामाचे चंदरवे, छोड व पुठिये देरासरांच्या पेट्यांत असतात. कित्येकांवर दात्याचे नाव, गाव व विक्रम संवत भरलेले असते. असे वस्त्र म्हणजे संघाचा दस्तऐवजच. जर गाळून चांदी काढणाऱ्याच्या हाती ते गेले, की चांदीचे चार पैसे मिळतात आणि इतिहास कायमचा पुसला जातो.

दांडी, तारापूर, बोईसर हा किनारपट्टीचा प्रदेश. येथील खारी, दमट हवा रेशमाची शत्रू आहे. पावसाळ्यात बुरशी धरते, जर काळवंडते आणि वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले वस्त्र त्याच रेषेवर चिरते. उपाय साधे आहेत. वस्त्र घडी न घालता धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडासह सैल गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. उन्हात वाळवू नये. ज्ञानभांडारांत पोथ्यांजवळ घोडावजाची पुरचुंडी ठेवण्याची जुनी चाल येथेही उपयोगी पडेल. कीड मारावी लागू नये, ती दूर राहावी, हीच त्यामागील अहिंसक दृष्टी.

कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, पोथ्या बाहेर काढून झटकण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पावसाळा सरून हवा कोरडी होते, तोच हा काळ. त्याच दिवशी जुनी वस्त्रेही सावलीत हवेला ठेवावीत, त्यांवरील लेख उतरवून घ्यावेत, छायाचित्रे काढून नोंदवही करावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प झाला, तरी पुढील पिढीच्या हाती नुसती रिकामी पेटी येणार नाही.