विंडोजवर अडकलेलं कॅड ब्राउझरमध्ये कसं आलं?

बीटेकला असताना माझ्या लॅपटॉपवर उबुंटू होतं आणि कॅडचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. मग काय, सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये मशीनसाठी नंबर लावायचा. तेव्हा वाटायचं, कॅड म्हणजे विंडोज, हे असंच असतं. पण हे नेहमीच असं नव्हतं.

ऑटोकॅड आलं 1982 मध्ये. पुढे त्याच्या युनिक्स आणि मॅकच्या आवृत्त्याही निघाल्या, पण नव्वदच्या दशकात त्या बंद पडल्या. मॅकवर ते परत यायला 2010 उजाडलं.

थ्रीडीची गोष्ट वेगळी. ते चालायचं महागड्या युनिक्स वर्कस्टेशनवर. जॉन हर्शटिक या माणसाने 1993 मध्ये सॉलिडवर्क्स कंपनी काढली. (हा एमआयटीच्या ब्लॅकजॅक टीममध्ये होता. पत्त्यांत कमावलेला पैसा त्याने कंपनीत घातला. सिरियसली!) 1995 ला सॉफ्टवेअर बाजारात आलं, फक्त विंडोजसाठी. साध्या पीसीवर थ्रीडी, म्हणजे तेव्हा लोकांची सोयच झाली. मला पुढे ज्याचा वैताग आला, ते ‘फक्त विंडोज’ प्रकरण सुरुवातीला स्वस्ताईचं होतं.

गंमत पुढे आहे. याच हर्शटिकने 2012 मध्ये सहकाऱ्यांबरोबर नवी कंपनी काढली आणि 2015 मध्ये ऑनशेप आणलं. इन्स्टॉल काहीच करायचं नाही, फक्त ब्राउझर उघडायचा. भूमितीचं जड गणित सर्व्हरवर होतं. तुमच्याकडे येतात ते त्रिकोण, आणि ब्राउझर ते वेबजीएल वापरून स्क्रीनवर काढतो. त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, क्रोमबुक, सगळं सारखंच. 2019 मध्ये पीटीसीने ही कंपनी 47 कोटी डॉलरना घेतली.

ऑटोकॅडने दुसरा रस्ता धरला, आणि कोड लिहिणारा म्हणून मला तो जास्त आवडतो. त्यांच्याकडे कित्येक वर्षांचा सी प्लस प्लस कोड पडलेला. तो सगळा जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा कोण लिहिणार? 2017 पर्यंत चारही मोठ्या ब्राउझरमध्ये वेबअसेम्ब्ली आली. मग तोच जुना कोड त्यासाठी कंपाइल केला आणि 2018 मध्ये ऑटोकॅड वेबवर आलं. माझ्याहून वयाने मोठा कोडबेस, आणि चालतोय क्रोमच्या टॅबमध्ये!

आता अडचण कुठे येते? मॉडेल सर्व्हरवर असेल तर नेट गेलं की काम थांबतं. आणि ऑनशेपच्या फुकट प्लॅनमध्ये तुमचं डिझाइन सार्वजनिक असतं, कुणीही बघू शकतं. हॉबीसाठी ठीक आहे. परवा मावसभावाचा फोन आला, ‘दादा, वर्कशॉपच्या गिऱ्हाइकाचा पार्ट काढायचाय, फुकटात कुठे काढू?’ म्हटलं, फ्रीकॅड टाक. इन्स्टॉल करावं लागेल, पण तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि फाइल तुझ्याच मशीनवर राहते.

‘म्हणजे परत इन्स्टॉलच?’ म्हणाला. हो रे बाबा, परत इन्स्टॉल.